लेकरू देवाचं, सांभाळायला आपल्याकडे: ख्रिस्ती पेरेंटिंग रोजच्या घरात कसं उतरवायचं

संडे स्कूलमध्ये शिकवते त्याला आता बारा वर्षं झाली, घरी दोन मुलं, मोठा चौदाचा आणि धाकटी नऊची. आईबाप भेटले की एकच विचारतात, मुलांना देवाच्या भयात वाढवायचं कसं, काहीतरी टिप्स द्या ना. देते, पण आधी थोडं ईश्वरविज्ञान सहन करावं लागेल, कारण मूल म्हणजे नक्की कोण हे डोक्यात क्लिअर नसेल तर चांगली टिपसुद्धा उलटी बसते. मूल म्हणजे माझा प्रोजेक्ट असं मनात असेल तर वचनपाठांतराचंही मार्कशीट होतं, आणि मूल म्हणजे घरातला छोटा देव असं असेल तर "नको" म्हणायला जीभच उचलत नाही. मी दोन्ही करून बसलेय, मोठ्याच्या वेळी पहिलं आणि धाकटीच्या वेळी दुसरं, त्यामुळे खालचं सगळं चुकत चुकत शिकलेल्या बाईचं आहे असं समजूनच वाचा.

आधी पाया: हे मूल कुणाचं?

स्तोत्र १२७ मध्ये संततीला परमेश्वराने दिलेलं धन म्हटलंय. बाळ झालं की आपण हे वचन कार्डावर छापतो आणि त्यातला "दिलेलं" हा शब्द लगेच विसरतो. पुढच्याच ओळीत मुलांना वीराच्या हातातल्या बाणांची उपमा आहे, आता बाण काय भात्यात ठेवून मिरवायला असतो का, तो एक दिवस सोडायचाच असतो. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही अगदी स्पष्ट आहे की मूल हा कुणाचा हक्क नाही, ते दान आहे. बाप्तिस्मा तान्हेपणी द्यायचा की समजत्या वयात घ्यायचा यावर मंडळ्यांचं १५२५ पासून, म्हणजे झुरिकमध्ये काही लोकांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून, भांडण चालू आहे. त्यात मी पडत नाही. बाप्तिस्मा दिलेला असो नाहीतर नुसतं समर्पण केलेलं असो, मंडळीसमोर उभं राहून आपण कबूल केलंय की हे लेकरू देवाचं आहे आणि सांभाळायला आमच्याकडे आहे.

दुसरं म्हणजे उत्पत्ती १:२७, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं. तिथे वयाची अट नाहीये. मूल हे मोठेपणी माणूस होणार असा काही प्रकार नाही, ते आत्ता, नाक गळत असताना, पूर्ण माणूस आहे. हे आपल्याला आज साधं वाटतं पण ज्या जगात सुवार्ता पहिल्यांदा गेली तिथे ते साधं नव्हतं. रोमन कुटुंबात नवं बाळ ठेवायचं की टाकून द्यायचं हे घरातला मुख्य पुरुष ठरवायचा. इजिप्तमध्ये एक पत्र सापडलंय, इसवी सनपूर्व १ मधलं, हिलारियन नावाचा माणूस कामासाठी लांब गेलाय आणि गरोदर बायकोला लिहितोय, तू काळजी करू नको, मी तुला कसा विसरेन, आणि त्याच पत्रात, त्याच सुरात, मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. मला या पत्रातली सगळ्यात भयानक गोष्ट ही वाटते की माणूस प्रेमळ आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची डिडाखे नावाची एक छोटी सूचनापुस्तिका आहे त्यात नवजात बाळाला मारू नका असं सरळ लिहून ठेवावं लागलं, यावरून काय ते समजा.

आणि मार्क १०. लोक मुलांना येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि येशू रागावतो. इथे रागासाठी जो ग्रीक शब्द आहे तो शुभवर्तमानांत येशूबद्दल फक्त याच ठिकाणी वापरलाय. मंदिरातले चौरंग उलथताना नाही, इथे. मग तो मुलांना कवेत घेतो, हात ठेवतो, आशीर्वाद देतो, आणि मोठ्यांना सांगतो की राज्य घ्यायचं तर यांच्यासारखं होऊन घ्या. लूकने तर तिथे तान्ह्या बाळांसाठीचा शब्द वापरलाय, आणि तान्हं बाळ काय करतं, काहीच करत नाही, त्याच्या हातात द्यायला काही नसतं, ते फक्त घेतं. म्हणजे मुद्दा मुलांच्या गोड निरागसपणाचा नाहीये, मुद्दा रिकाम्या हातांचा आहे.

यातून घरी करायचं काय, तर अगदी छोट्या गोष्टी. मुलाशी बोलताना खाली बसा, डोळे एका लेव्हलला आणा. पाहुण्यांसमोर त्याच्याबद्दल तो तिथे नसल्यासारखं बोलू नका ("आमचा हा फार आळशी हो"), हे मी अजूनही करते आणि अजूनही जीभ चावते. उपासनेत मूल रडलं तर त्या आईकडे वळून बघू नका. पौलाचं इफिसकरांस पत्र काढून बघा, सहाव्या अध्यायात तो मुलांना थेट हाक मारून बोलतो, "मुलांनो" म्हणतो, म्हणजे पत्र वाचलं जायचं तेव्हा मुलं तिथेच बसलेली होती.

निरागस वगैरे काही नसतं बरं का

आता दुसरी बाजू. ऑगस्टीन या उत्तर आफ्रिकेतल्या बिशपने साधारण ३९७ ते ४०० च्या दरम्यान "कबुली" नावाचं आत्मकथन लिहिलं, त्यात तो एका तान्ह्या बाळाबद्दल सांगतो ज्याला बोलताही येत नव्हतं पण दुसरं बाळ दूध पिताना बघून त्याचा चेहरा मत्सराने पांढरा पडला होता. ज्यांच्या घरी दोन लेकरं आहेत त्यांना ऑगस्टीन वाचायची गरज नाही. खोटं बोलायला आपण कुणी शिकवत नाही, "माझं" हा शब्द पण शिकवावा लागत नाही. आदिपापाच्या शिकवणीचे बारकावे प्रत्येक चर्चमध्ये वेगळे आहेत, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या ऑगस्टीनइतकं पुढे जात नाहीत, पण माणूस जन्मापासून बिघडलेल्या जगात आणि बिघडलेल्या ओढीसकट येतो हे जवळपास सगळे मानतात.

मला ही शिकवण आधी फार कठोर वाटायची. आता ती मला सुटका वाटते, खरंच. कारण मुलगी खोटं बोलली की मी पूर्वी हादरायचे, माझ्या घरात असं कसं झालं, मी कुठे कमी पडले, आणि त्या धक्क्यातून जे ओरडणं व्हायचं ते तिच्या खोट्यापेक्षा माझ्या इभ्रतीबद्दल जास्त असायचं. आता धक्का बसत नाही. ती पापी, मी पापी, दोघींना एकाच ठिकाणी जायचंय क्षमा मागायला, मी तिच्यापेक्षा तीस वर्षं आधी रांगेत लागलेय एवढाच फरक.

पण सावध, सगळंच पाप नसतं, आणि इथे धार्मिक आईबाप जाम गडबड करतात. पाणी सांडणं हे पाप नाही, हात लहान आहेत. तीन वर्षांचं मूल अर्धा तास स्वस्थ बसत नाही ते बंड नाही, ते तीन वर्षांचं आहे. झोप झाली नाही म्हणून चिडचिड, पोट रिकामं म्हणून रडणं, नवीन जागेची भीती, यातलं काहीच वेदीपुढे नेण्यासारखं नसतं. रागावण्याआधी मी मनात विचारते, याला हे जमण्याचं वय आहे का, याचं अंग ठीक आहे का, आणि याला माहीत होतं का. तिन्हीला हो आलं तरच पुढचं बोलायचं. याईराची बारा वर्षांची मुलगी मेलेली उठली तेव्हा प्रभूने काय केलं आठवतंय ना, हिला खायला द्या म्हणाला. प्रवचन नाही, खायला.

शिस्त: एदेन बागेतून शिकायची

शिस्तीवर लोक नीतिसूत्रे उघडतात, मी उत्पत्ती ३ उघडते, कारण तिथे स्वतः देव आपल्या लेकरांना पहिल्यांदा शिस्त लावतोय आणि त्याची पद्धत स्टेप बाय स्टेप दिसते.

तो आधी विचारतो. "तू कोठे आहेस?" त्याला माहीत नव्हतं का, पण विचारतो, कारण लपलेल्याला स्वतःहून बाहेर यायची संधी मिळावी. आपण काय करतो, पुरावा हातात घेऊन जातो आणि "हे तू केलंस की नाही" असा सापळा लावतो, मग मूल खोटं बोलतं आणि आपण दोन गुन्हे धरतो. माहीत असेल तर माहीत आहे असं सांगा, "भिंतीवरचं मी बघितलं, कसं झालं सांग".

मग तो ऐकून घेतो, आणि काय ऐकायला मिळतं, आदाम बायकोवर ढकलतो, हव्वा सापावर. घरोघरी तेच. तो मध्ये तोडत नाही.

मग परिणाम. तो खरा असतो, बागेबाहेर जावंच लागतं, रडलं म्हणून रद्द होत नाही. इथे मऊ आईबापांनी लक्ष द्यावं, धाकटीच्या बाबतीत मी हेच केलं, शिक्षा सांगायची आणि दहा मिनिटांनी कीव येऊन काढून घ्यायची, त्याने मूल एवढंच शिकतं की आईच्या शब्दाला दहा मिनिटांची एक्स्पायरी आहे. एली याजकाची गोष्ट बघा, मुलं चुकतायत हे त्याला माहीत होतं, एकदा बोललाही, पण आवरलं नाही, आणि १ शमुवेल ३ मध्ये देव नेमका तोच ठपका ठेवतो. दावीदाबद्दल १ राजे १:६ मध्ये लिहिलंय की आपल्या मुलाला, अदोनीयाला, त्याने कधी "तू असं का केलंस" एवढंही विचारून दुखवलं नाही. एवढा मोठा राजा, घरात एक प्रश्न विचारवला नाही.

आणि शेवटची गोष्ट जी लोक वाचतच नाहीत, उत्पत्ती ३:२१, बाहेर काढण्याआधी देव त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो. शिक्षा कायम, पण उघडं ठेवलं नाही. म्हणून घरी नियम: शिक्षा झाली की त्याच दिवशी, झोपायच्या आत, जवळ घ्यायचं, विषय संपला म्हणायचं, आणि खरंच संपवायचा, पुढच्या भांडणात "मागच्या वेळी पण तू" काढायचं नाही.

छडीचं काय हा प्रश्न येणारच. नीतिसूत्रे १३:२४ आणि २३:१३ मध्ये छडी आहे, ती मी नाही म्हणून पुसून टाकू शकत नाही. पण ते "छडी लागे छमछम" इतकं सरळही नाहीये. तिथला हिब्रू शब्द तोच आहे जो स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या हातातल्या काठीसाठी आहे, ज्या काठीने मेंढराला धीर येतो. नव्या करारात आईबापांना उद्देशून मारा अशी आज्ञा एकदाही नाही, उलट बापांना आवर घालणारी आहे. इब्री १२ मध्ये देवाच्या शिस्तीचं मोठं वर्णन आहे पण तिथेच म्हटलंय की आपल्या ऐहिक बापांनी त्यांना योग्य वाटलं तशी शिस्त लावली, म्हणजे आपलं योग्य वाटणं चुकू शकतं हे त्यात आलंच. आणि हे काही मॉडर्न लोकांचं फॅड नाही, चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम नावाचा प्रसिद्ध उपदेशक मुलांच्या वाढवणुकीवर लिहिताना सांगतो की मुलाला रोज माराची सवय लावू नका, लावली तर ते माराला जुमानेनासं होईल. (तो धाक मात्र ठेवा म्हणतो, त्यात मी त्याच्याबरोबर नाही.) ऑगस्टीन तर लहानपणी शाळेत मार मिळू नये म्हणून देवाला विनवायचा आणि घरचे मोठे त्यावर हसायचे, हे त्याने चाळिशी उलटल्यावर लिहिलं, म्हणजे किती वर्षं डोक्यात राहिलं बघा. माझं मत विचाराल तर, आमच्या घरात हात उचलत नाही. मोठ्यावर दोनदा उचललाय, दोन्ही वेळा मी दमलेली होते आणि त्याची चूक छोटी होती.

चिरडीस आणू नका म्हणजे नेमकं काय

इफिस ६:४, बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सै ३:२१ मध्ये परत तेच आणि कारण दिलंय, ती खिन्न होतील. ज्या समाजात बापाला विचारणारं कुणी नव्हतं तिथे पौल बापाला नियम घालतोय, हे त्या काळी ऐकायला किती विचित्र वाटलं असेल.

चिरडीस आणायच्या आपल्या पद्धती मोजायला बसले तर पान पुरणार नाही. तुलना ही पहिली, भावाशी, शेजारच्याशी, "मी तुझ्या वयाची असताना"शी. आवडतं-नावडतं करणं, इसहाकाला एसाव लाडका, रिबकेला याकोब, त्या एका घरातला पक्षपात पुढच्या पिढीत योसेफाच्या झग्यापर्यंत आणि विहिरीपर्यंत पोचला. आज हसून सोडलेल्या गोष्टीवर उद्या भडकणं. चारचौघांत टोमणा मारणं. आणि एक खास आपलं ख्रिस्ती, देवाला पोलीस म्हणून वापरणं, "देव बघतोय हं, देव रागावेल". कृपा करून हे बंद करा. मुलाला न झोपवता येणं हा आपला प्रॉब्लेम आहे, त्यात देवाला ओढू नका. त्याच क्रिसोस्तोमने मुलांना कुठल्या वयात कुठली गोष्ट सांगायची हेही लिहिलंय, आठ-दहा वर्षांच्या मुलाला जलप्रलय वगैरे चालेल म्हणतो, पण नरकाचा विषय पंधराच्या आसपास होईपर्यंत काढू नका. चौथ्या शतकातल्या कडक साधूला जे कळलं ते आपल्याला कळत नाही.

सॉरी म्हणायला शिका, आणि "पण" न लावता

हा सगळ्यात अवघड भाग आहे म्हणून इथे थोडं थांबते. मागच्या वर्षी मोठ्याचं प्रगतिपुस्तक आलं, गणितात घसरला होता, मी त्याला असं काही बोलले की ते इथे लिहिणार नाही. रात्री प्रार्थनेला बसलो आणि प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही ओळ आली आणि माझा आवाजच अडकला. उठून त्याच्या खोलीत गेले, म्हटलं सॉरी, मी चुकीचं बोलले, पण तू पण अभ्यास... आणि तिथेच घाण झाली. तो म्हणाला, "आई हे सॉरी नाहीये." बरोबर होतं त्याचं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. कसं म्हणायचं ते सांगते, कारण आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. काय केलं ते नाव घेऊन सांगा ("काल मी तुला अमुक म्हणाले"), ते चूक होतं म्हणा, "तुला राग आला असेल तर सॉरी" म्हणू नका कारण त्यात चूक त्याच्या रागाची होते, मग माफ करशील का विचारा, आणि गप्प बसा. लगेच माफ केलं नाही तरी चालेल, क्षमा उकळून घ्यायची नसते. अभ्यासाचं बोलणं नंतर, वेगळ्या दिवशी.

लोकांना वाटतं याने आईबापांचा मान कमी होतो. माझा अनुभव उलटा आहे, आणि समजा झाला असता कमी तरी काय, पश्चात्ताप ही आपल्या विश्वासाची पहिली पायरी आणि मुलाने घरात मोठ्या माणसाला ती चढताना कधी बघितलंच नाही तर त्याला वाटणार ती फक्त लहानांसाठी आहे.

विश्वास द्यायचा कसा: कौटुंबिक प्रार्थना आणि बाकीचे तेवीस तास

अनुवाद ६ मध्ये देवाच्या गोष्टी मुलांच्या मनावर ठसवायच्या वेळा दिल्यात, घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना. यात क्लासरूम नाहीये. गाडीत, कपडे घडी करताना, आजारी माणसाला बघून परत येताना जी बोलणी होतात ती धरा. रोजची कौटुंबिक प्रार्थना हवीच, पण दहा मिनिटांच्या वर नेऊ नका, लहान असतील तर पाच. एक गोष्ट, एक गाणं, प्रत्येकाची एक ओळ प्रार्थना स्वतःच्या शब्दांत. मुलीने एकदा पूर्ण एक महिना फक्त मेलेल्या खारीसाठी प्रार्थना केली, आम्ही आमेन म्हणालो.

गोष्ट सांगायची क्रिसोस्तोमची पद्धत वापरून बघा, ती जबरदस्त आहे. काइन आणि हाबेलची गोष्ट संध्याकाळी साध्या शब्दांत सांगायची, दुसऱ्या दिवशी परत, आणि मग एके दिवशी मुलालाच म्हणायचं आता तू सांग. मूल सांगताना काय गाळतं, काय वाढवतं, त्यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं. तोच मुलाच्या मनाला शहर म्हणतो आणि डोळे, कान, जीभ, नाक, स्पर्श यांना त्या शहराच्या वेशी. मोबाईल म्हणजे एकाच वेळी दोन वेशी सताड उघड्या. त्यावर मी एवढंच म्हणेन की वेशीला दार असतं आणि दाराला वेळ असते, पण कायम बंद वेस असलेलं शहर उपाशी मरतं, आणि आईबापांची वेस चोवीस तास उघडी असेल तर मुलांना नियम सांगू नका.

प्रश्न येऊ द्या. निर्गम १२ मध्ये, यहोशवा ४ मध्ये, अनुवाद ६ मध्ये परत परत येतं की उद्या तुमची मुलं विचारतील "याचा अर्थ काय", म्हणजे शास्त्र धरूनच चालतं की मुलं विचारणार, यार्देनेतले दगड तर ते विचारावेत म्हणूनच रचले होते. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि दोघं मिळून शोधा. "असं विचारायचं नसतं" हे वाक्य घरातून हद्दपार करा, संडे स्कूलमधून पण.

जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२९ मध्ये छोटी प्रश्नोत्तरी काढली त्यात प्रत्येक भागावर लिहिलंय की कुटुंबप्रमुखाने हे घरच्यांना साध्या भाषेत कसं शिकवावं. पाळकाने नाही, घरच्याने. आणि हाच ल्यूथर १५२२ मध्ये लग्नावर लिहिताना म्हणतो की बाप बाळाचे लंगोट धुतो तेव्हा लोक त्याला हसतात पण देव सगळ्या देवदूतांसकट कौतुकाने हसतो. बाबालोकांनो, कौटुंबिक प्रार्थना चालवायची असेल तर आधी लंगोट, म्हणजे आता डायपर. तीमथ्याच्या घरी बाप ग्रीक होता, विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, तेव्हा घरात एकट्याच विश्वासात असाल तरी हे होतं.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना वेस्ली, तिचं उदाहरण सगळे देतात. एकोणीस बाळंतपणं, निम्म्याच्या आसपास मुलं लहानपणीच गेली, आणि उरलेल्या प्रत्येकासाठी आठवड्यातला एक ठराविक वेळ एकट्याचा. तो एकट्याचा वेळ नक्की उचला, आम्ही अर्धा तास करतो, अजेंडा मुलाचा. तिचं मुलाची इच्छाशक्ती लवकर मोडली पाहिजे हे जे म्हणणं होतं ते मी उचललं नाही. इच्छा वळवायची असते. मोडलेली इच्छा घेऊन मूल उद्या वाईट संगतीला "नाही" कशाने म्हणणार?

आज्ञापालनाला हद्द आहे

हे छोटं पण महत्त्वाचं. इफिस ६:१ मध्ये आईबापांची आज्ञा "प्रभूमध्ये" पाळा असं आहे. मुलांना स्पष्ट शिकवा की कुणी मोठा, घरचा असो, शाळेतला असो की चर्चमधला, अंगाला नको तिथे हात लावत असेल किंवा "आईला सांगू नको" म्हणत असेल तर त्याची आज्ञा मोडणं हेच देवाला आवडतं. आणि मुलाने येऊन सांगितलं तर आधी विश्वास ठेवा, "असं नसेल केलं त्यांनी" म्हणू नका. मग डॉक्टर, पोलीस, जे लागेल ते. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून दाबू नका, मत्तय १८ मध्ये लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवणं परवडलं असं प्रभू म्हणतो, तिथे त्याने मंडळीच्या नावाची काळजी केलेली नाही.

आणि तरीही मूल लांब गेलं तर

नीतिसूत्रे २२:६ बऱ्याच आईबापांच्या छातीवर दगडासारखं बसलेलं असतं. चांगलं शिक्षण दे, म्हातारपणीही ते सोडणार नाही, आणि मुलाने सोडलं, म्हणजे मी चुकलो. थांबा. नीतिसूत्रं ही साधारण असं घडतं हे सांगणारी सूत्रं आहेत, गॅरंटी कार्ड नाहीत. शमुवेलासारख्या माणसाची दोन्ही मुलं, योएल आणि अबीया, लाच खाणारी निघाली. यशया १:२ मध्ये तर देवच म्हणतो की मी मुलं वाढवली आणि ती माझ्यावर उलटली. त्याच्या पेरेंटिंगमध्ये काय कमी होतं? यहेज्केल १८ मध्ये बापाचा दोष मुलाला नाही आणि मुलाचा बापाला नाही असं स्पष्ट आहे. तुमच्या खऱ्या चुका असतील तर त्या कबूल करा, त्याच्याकडेही, पण त्याचा निर्णय त्याचा राहू द्या. फोनवर दर वेळी चर्चला गेलास का विचारू नका. लूक १५ मधल्या बापाने मागे माणसं पाठवली नाहीत, पण मुलगा दूर असतानाच त्याला दिसला, म्हणजे नजर रस्त्यावर होती. ईयोब भल्या पहाटे उठून मोठ्या झालेल्या एकेका मुलासाठी होम करायचा, तेवढं आपल्या हातात असतं, नाव घेऊन, एकेकासाठी.

आपल्या जुन्या मराठी बायबलात २२:६ चा एक शब्द मला फार आवडतो, "मुलाच्या स्थितीस अनुरूप" असं शिक्षण. साच्यातून काढल्यासारखं नाही. आणि त्याचं चित्र हवं असेल तर शमुवेलाची आई हन्ना बघा. मूल मागून घेतलं, देवाला देऊन टाकलं, शिलोला ठेवून आली, पण १ शमुवेल २:१९ सांगतं की ती दर वर्षी एक छोटा झगा शिवून न्यायची. वर्षभर मूल नजरेसमोर नाही, माप अंदाजाने धरायचं, गेल्या वर्षीपेक्षा एवढं वाढवायचं.

मी आता दर वाढदिवसाला मुलांबरोबर बसते आणि विचारते, घरातला कुठला नियम तुला आता लहान पडतोय, आणि कुठल्या बाबतीत मी तुला अजून हवी आहे. सगळं मान्य करते असं नाही, झोपायच्या वेळेवर अजून भांडण आहे. गेल्या वर्षी मोठा म्हणाला, मित्रांसमोर मला मोठ्याने प्रार्थना करायला लावू नको. धाकटी म्हणाली तिला अजून रोज लावायची आहे, आणि सगळ्यांनी ऐकायचं. या वर्षी मोठ्याने सांगितलं, खोलीत येताना दार वाजवत जा. वाजवते, बहुतेक वेळा.